पाच किलोपर्यंत

"हात वर करा," असं मी दिवसातून पन्नास वेळा तरी म्हणते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी मापं घेते आणि कापड बेतते, आणि छातीचं माप घ्यायचं तर माणसाला हात वर करावेच लागतात. आज सकाळी एका हॉटेलच्या स्वागतकक्षातली बाई नव्या कोटाचं माप द्यायला आली होती. घरी सांभाळायला कोणी नसावं, कारण बरोबर बाबागाडीत पोरगं. दीडेक वर्षाचं, नाक वाहतंय, हातात अर्धं चावलेलं बिस्किट. मी गळ्यातली टेप काढली, बाईच्या मागे गेले आणि म्हटलं, "हात वर करा." बाईने केले. गाडीतल्या पोरानेही केले. दोन्ही हात सरळ वर, बोटं पसरून, माझ्याकडे बघत. बिस्किट खाली पडलं, त्याची त्याला फिकीर नव्हती. आता ही बाई आपल्याला उचलणार, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. बाई हसली, काजं करणारी हसली, शिलाईच्या मशिनवरच्या दोघी मान वळवून हसल्या. मी टेपचं टोक सोडून दिलं, "एक मिनिट हं" म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन कापडाच्या मांडणीला धरून उभी राहिले. माझ्या मुलीने माझ्याकडे असे हात शेवटचे कधी केले होते ते मला आठवेना. महिना आठवेना, वार आठवेना, त्या दिवशी तिच्या अंगात काय होतं तेही आठवेना, आणि कपडे तर मी कधी विसरत नाही.

काजवाली मागोमाग आत आली. ती या कारखान्यात माझ्याही आधीपासून आहे आणि तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. "काय गं, पाठ?" "पाठ नाही." "मग?" "काही नाही. त्या पोराला दुसरं बिस्किट दे." ती हलली नाही. "आज रिपोर्ट ना तुझा?" मी म्हटलं, हो, अडीच वाजता. "बघ, सुधारलं असणार. चेहऱ्यावर दिसतंय." मी म्हटलं, हाडं चेहऱ्यावर दिसत नाहीत, बाई. तिचा चेहरा पडला आणि मला वाईट वाटलं, पण माझं हे असंच आहे, कोणी धीर द्यायला लागलं की मला त्याला चावावंसं वाटतं. तिला माहीत होतं मी आजच्या अडीचसाठी कसे दिवस काढतेय ते. पंधरा महिन्यांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. दोन किलो म्हणजे पाणी भरलेली किटली. गुंडी तेव्हा साडेसहा किलोची होती, आता अकरा किलो चारशे ग्रॅम आहे. गुंडी हे तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा एवढीशी गोल होती म्हणून नवरा म्हणाला, ही तर तुझ्या डब्यातली गुंडी, आणि तेच चिकटलं. आज डॉक्टर नवा आकडा सांगणार होते. तो अकराच्या पुढे असला की मी तिला उचलणार. एवढंच होतं माझं. पंधरा महिने मी रोज संध्याकाळी मांडीत सुई टोचून घेतली ती एवढ्यासाठी.

गुंडीच्या वेळी आठव्या महिन्यात पाठ दुखायला लागली तेव्हा ज्याला त्याला त्याचं कारण आधीच ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, माझीही दुखायची. शेजारीण म्हणाली, मुलगी असणार, मुली आईला पाठीतच धरतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन पुढे आलंय, पाठीवर ताण येणारच, उंच टाचा घालू नका. उंच टाचा! दिवसभर मी सपाट चपलांत बेतायच्या टेबलाशी उभी असते. खोकला येतोय असं वाटलं की मी आधी भिंत गाठायचे. कूस बदलायची तर नवऱ्याला हाक, मग तो खांदा धरणार, मी दात आवळणार, आणि शेवटी दोघं घामाघूम. आणि मला वाटायचं, सगळ्या बायका हे सोसतात, मुकाट सोसतात, मीच तेवढी रडूबाई. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. दुखत होतं त्यापेक्षा मला माझी लाज जास्त वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी बरी आहे, बरी आहे म्हणत राहिले. बाळंतपण झालं, गुंडी झाली, आता पाठ थांबेल म्हणाले सगळे. ती थांबली नाही. पण एवढंसं पोर छातीशी लागलेलं असताना पाठीकडे कोण बघतं? ती प्यायची, मी वाकून तिच्याकडे बघत बसायची. सासूबाई म्हणायच्या, अगं ताठ बस, म्हातारीसारखी काय वाकतेस.

दहा आठवड्यांनी मी कामावर परत गेले. माझा कामाचा डगला मीच बेतलेला आहे, निळा, गुडघ्यापर्यंत, माझ्याच फर्म्यावरून. फर्मा म्हणजे खाकी कागदावर कापून ठेवलेलं माणसाचं माप. आमच्याकडे भिंतीवर खिळ्यांना शेकडो फर्मे टांगलेले आहेत आणि त्यांत एक माझा, चोविसाव्या वर्षी कापलेला. मला त्याचा अभिमान होता. लग्न झालं, वर्षं गेली, पण माझा फर्मा बदलावा लागला नव्हता. त्या दिवशी डगला चढवला तर कमरेची शिवण कुल्ल्यावर आली, मागून कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली आणि पुढचा पल्ला लोंबायला लागला. पोट सुटलंय, दुसरं काय, मी म्हटलं. काजवालीला म्हटलं, मोज गं जरा. तिने मानेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. "चार सेंटिमीटर कमी भरतंय." "नीट धर." तिने नीट धरली. परत चार कमी.

दुसरी कोणी बाई असती तर तिच्या तोंडचं पाणी पळालं असतं. मी टेपकडे बघितलं. आमच्या धंद्यात पहिला संशय टेपवरच येतो. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणली जाते, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा लांब होतो, मग माप कमी भरतं आणि कपडा आखूड होतो. ज्या मास्तरांनी मला बेतायला शिकवलं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सहा महिन्यांनी टेप लाकडी पट्टीवर लावून बघायची. बाळंतपणाच्या गडबडीत माझं ते राहिलं होतं. मला तर आनंदच झाला, चूक सापडल्याचा. "बघ, मी नव्हते तर टेप कोणी तपासलीसुद्धा नाही," मी काजवालीला ऐकवलं, आणि कात्रीने टेपचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. पट्टीवर लावून बघितलं नाही. बघायचं काय त्यात? मग त्या टेपने मापं घेतलेल्या अकरा वेटरांना मी परत बोलावलं, नवी टेप काढली, एकेकाला उभा केला. हात वर करा, हात वर करा. अकराही जणांची मापं जुन्या मापांशी तंतोतंत जुळली. तरी माझी ट्यूब पेटली नाही. मला नव्या टेपने परत मोजायचं काजवालीलाही सुचलं नाही, मलाही नाही. मी डगल्याची कंबर चार सेंटिमीटर वर घेतली, आणि भिंतीवरून माझा फर्मा काढून त्याच्या पाठीत चार सेंटिमीटरची दुमड घातली आणि टाचणी लावून टाकली. ती टाचणी अजून तिथे आहे. तिचं डोकं आता गंजलंय.

त्यानंतर दोन महिने मी तशीच. दिवसा कापडाचे तागे, घरी गुंडी. तिला आंघोळ घालायची, पाजायची, खांद्यावर टाकून ढेकर काढायची, आणि प्रत्येक वेळी उचलताना नाकातून श्वास घ्यायची. मग एका रविवारी सकाळी मी तिला टबातून उचललं आणि पाठीत काहीतरी बसलं. बसलं म्हणजे खुर्ची मोडून बसते तसं. मी तिला टाकलं नाही. हे मला भेटेल त्याला सांगायचं असतं आणि कोणी विचारत नाही: मी तिला टाकलं नाही. तिला छातीशी धरून तशीच गुडघ्यांवर उतरले, ती ओली, साबणाची, आणि मी ओरडत राहिले. सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी ती माझ्या हातांतून काढून घेतली. माझी बोटं सुटेनात, तर एकेक सोडवली. साडेचार महिन्यांची होती. तोवर मी तिला हातांवरच घेत होते. कडेवर बसायचं तिचं वय अजून व्हायचं होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी पडद्यावर माझा कणा दाखवला. मणके चौकोनी असायला हवेत, माझे पाच पुढच्या बाजूने चेपले होते. लाखांत एखादीला होतं म्हणाले, पोटात मूल असताना आणि अंगावर पाजताना हाडं झिजत जातात. का, ते नक्की सांगता येत नाही. मग एक आलेख दाखवला. त्यावर वयाप्रमाणे एक पट्टा होता आणि पट्ट्याच्या पार खाली एक ठिपका, तो मी. "ही हाडं ऐंशी वर्षांच्या बाईची आहेत," ते म्हणाले. "उंची कमी झाल्याचं लक्षात आलं नाही तुमच्या?" मी म्हटलं, नाही. काय काम करता, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं सांगितलं असतं. पुढे सासूबाईंनीही स्वतःची तपासणी करून घेतली, बघू तरी म्हणून. त्यांचा ठिपका पट्ट्याच्या वर निघाला. चौसष्टाव्या वर्षी पंचेचाळिशीची हाडं. बिचाऱ्यांनी तो कागद कपाटात चादरींच्या खाली लपवला, जसं काही माझ्याकडून चोरून आणलंय. मला सापडला तेव्हा मी हसले, मोठ्याने हसले. घरात एक म्हातारी आहे आणि ती त्या नव्हेत.

दूध त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. छाती दगडासारखी झाली आणि पलीकडच्या खोलीत गुंडी बाटलीला तोंड लावेना, रडून रडून तिचा आवाज बसला. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिचा आवाज आला की माझा झगा भिजायचा. अंगाला अक्कल नसते, त्याला कोणी रिपोर्ट दाखवलेला नसतो. तिसऱ्या दिवशी तिने बाटली धरली. सासूबाई आनंदाने सांगत आल्या, प्याली गं, गटागटा प्याली, आणि मी म्हटलं, वा. तेव्हा मला ती त्या बाटलीइतकीच नकोशी झाली होती, दोन-चार तास. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सहाव्या महिन्यात तिला खाली पहिला दात आला. नवऱ्याने तिचा ओठ ओढून मला दाखवला, तांदळाएवढा, पांढरा, धारदार. माझा एक मणका त्यात असणार, मी म्हटलं. तो हसला नाही. "असं नको ना बोलू," म्हणाला. पण मला तो दात आवडला. कुठे गेलं ते तरी कळलं.

मग दोन किलोंचा संसार सुरू झाला. मला उंच पाठीची एक खुर्ची आणली. मी तिच्यात बसायचं, मांडीवर उशी ठेवायची आणि कोणीतरी गुंडीला आणून उशीवर ठेवायचं. पानात भात वाढतात तशी मला मुलगी वाढायचे. पुरे झालं की उचलून न्यायचे. घरात कोणी नसेल तर मी तिच्या शेजारी जमिनीवर लोळायचे, पण ती अंगावर चढायला लागली की सासूबाई आतून ओरडायच्या, अगं पाठ, पाठ! ती उभी राहायला लागली, धरून धरून चालायला लागली, आणि माझ्या गुडघ्यांना धरून हात वर करायला लागली. मी खाली बघायची आणि माझे हात आपोआप जायचे. तेवढ्यात सासूबाई यायच्या, तिचे दोन्ही हात हळूच खाली घ्यायच्या, "आईला बाऊ आहे, राजा. आईकडे हात नाही करायचे. आजीकडे कर," आणि तिला कडेवर घ्यायच्या. किती प्रेमाने करायच्या ते मी बघत होते. मला त्यांचा मनगटापासून हात तोडावासा वाटायचा. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांनी एकदा माझी बोटं सोडवली होती. आणि पोरं लवकर शिकतात. महिन्याभरात, दीड महिन्यात, गुंडीला मी हवी असले की ती उशी घेऊन खुर्चीकडे जायला लागली. उशी खुर्चीवर ठेवायची आणि वाट बघायची. सगळ्यांना केवढं कौतुक! पाहुण्यांना दाखवायचे, बघा कशी शहाणी आहे. मीही दाखवत होते.

सासूबाईंच्या कडेवर ती कशी बसते ते मी एक वर्ष बघतेय. मूल कडेवर ठेवत नाहीत, ते बसतं. उचललं रे उचललं की गुंडी पाय फाकवते, एक पोटावर, एक पाठीवर, गुडघ्यांनी गच्च धरते, आणि मग हात मोकळे सोडते. सासूबाई तिला एका हाताने सावरून दुसऱ्याने दूध ढवळतात, दार उघडतात, फोन घेतात. नवऱ्याच्या कडेवर ती वेगळी बसते, जरा वर, त्याच्या गळ्यात हात टाकून. मी कागदावर बेतावं तसं मनात बेतून ठेवलं होतं, माझ्या कडेवर ती कशी बसेल. डावी बाजू. मी उजव्या हाताने खडू धरते म्हणून डावी.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. पाठीचं झाल्यापासून तो माझ्याशी जपून बोलतो, मी जणू त्याच्या हातून काही बिघडेल असं यंत्र आहे. पण कामाचं बोलायला लागला की तो मोकळा होतो. एकदा जेवताना मी विचारलं, लिफ्टमध्ये पाटी असते, चार माणसं, एवढे किलो, तर पाचवा चढला की काय होतं? "काही होत नाही," तो म्हणाला. "घंटा वाजते, दार लागत नाही. पण पेलायचं म्हणशील तर पाटीवर असतं त्याच्या कितीतरी पट दोर पेलतो. पाटी लिहिणारे घाबरट असतात, त्यांना लिहावंच लागतं तसं." मी घास तसाच तोंडात धरून ऐकत होते. त्याला वाटलं मला लिफ्टमध्ये गोडी आहे. खूश झाला, आणखी एक पोळी घेतली.

अडीचला बोलावलं होतं, सव्वातीनला आत घेतलं. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. ठिपका वर सरकला होता. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवला, जुना इथे, नवा इथे. दोघांमध्ये माझ्या करंगळीचं नख मावलं असतं. "छान प्रतिसाद आहे," ते म्हणाले. "आता पाच किलोपर्यंत उचलायला हरकत नाही." मी म्हटलं, मुलगी अकरा किलो चारशे आहे. त्यांनी फाइलमध्ये तिचं वय बघितलं. "चालते ना आता?" "चालते." "मग उचलायची गरजच काय?" हे ते वाईट मनाने बोलले नाहीत. मी सवयीने नजरेनेच त्यांचं माप घेतलं, खांदे अठ्ठेचाळीस, डावा जरा उतरता. विचारलं, पुढच्या वर्षी? ते म्हणाले, हे इंजेक्शन दोन वर्षांच्या वर देत नाहीत, मग जे कमावलंय ते टिकवायला दुसरं औषध. चेपलेले मणके काही परत उभे राहायचे नाहीत. "म्हणजे पाचच?" "पाच म्हणजे पुष्कळ हो, सुरुवातीला तुम्ही कुठे होतात ते आठवा. आणि हे बघा, दुसऱ्या मुलाचा विचार मात्र करू नका." मी म्हटलं, नाही करत. त्यांनी कागदावर सही केली. पंधरा महिन्यांत मी तीन किलो मिळवले होते आणि तेवढ्यात ती पाच किलोंनी वाढली होती. पोरगी थांबणार नव्हती आणि माझा ठिपका आता फारसा हलणार नव्हता. हे गणित शाळेतल्या पोरालाही येईल, पण मी ते आजपर्यंत एकदाही शेवटपर्यंत केलं नव्हतं.

बससाठी न थांबता चालत निघाले. रस्ताभर मला सगळे काही ना काही उचललेले दिसत होते. गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला माणूस, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली म्हातारी, पाठीवर दप्तरांचं ओझं घेतलेली पोरं. एक बाप मुलीला खांद्यावर बसवून चालला होता आणि फोनवर कोणाशी तरी भांडत होता. त्याला ती तिथे आहे याचं भानही नव्हतं. मला त्याचा इतका राग आला की मी रस्ता बदलला. पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिले. खाली रूळ होते, एक इंजिन एकटंच मागे-पुढे करत होतं. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. त्याऐवजी पाटी आठवली. पाटी लिहिणारे घाबरट असतात. डॉक्टरांनाही लिहावंच लागत असणार. पाच म्हणजे दहा, दहा म्हणजे पंधरा. आणि एकदाच तर उचलायचं होतं, रोज कुठे? एकदा माझ्या कडेवर बसली की तिच्या अंगाला कळेल, मग मी खुर्चीत बसेन, जन्मभर बसेन, माझी तक्रार नाही. मोडला सहावा मणका तर मोडू दे. काय करतील, परत झोपवतील. मला भूक लागल्यासारखं झालं होतं. उरलेला रस्ता मी जवळजवळ पळतच गेले.

सासूबाई ओट्याशी कप पुसत होत्या. गुंडी जमिनीवर, रिकामी रिळं दोरीत ओवलेला हार ओढत होती. तो मीच तिला कारखान्यातून आणून दिलेला. "काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं. "सुधारलंय." "आणि किती?" "बारा," मी म्हटलं. "बारा किलोपर्यंत उचला म्हणाले." त्यांनी कप खाली ठेवला. फडकं तोंडाशी गेलं. "सुटलीस गं बाई, सुटलीस," म्हणाल्या. मग एकदम लहान मुलीसारख्या ओरडल्या, "गुंडे! आई उचलणार तुला! ये, ये लवकर!" गुंडीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आई एवढंच तिला समजलं. ती उठली, तुरुतुरु गेली, कोपऱ्यातली उशी दोन्ही हातांनी ओढत आणली आणि खुर्चीवर ठेवून खुर्चीशेजारी उभी राहिली.

"उशी नको, राणी," मी म्हटलं. तिच्यासमोर गेले, शिकवलंय तसे गुडघे वाकवले, पाठ सरळ. "हात वर कर." तिने आजीकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "कर ना, आईकडे कर, आता चालतं." तिने हात मागे नेले आणि आपल्याच डगलीचा काठ धरला. मग मीच तिच्या काखेत हात घातले आणि उठले. ती जड होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा किती जड, आणि किती गरम, केसांना दुधाचा वास. मी तिला वर घेतलं आणि डाव्या बाजूला नेलं, आणि तिचे पाय तसेच राहिले, सरळ, एकाला एक चिकटून. मी एका हाताने तिचा पाय पाठीकडे घ्यायला गेले तर ती घसरली. माझी कंबरही उरलेली नाही, बरगड्या खाली येऊन टेकल्यात, बसणार तरी कुठे ती? मी तिला परत वर ढकललं. "पाय, राणी, पाय असा घे," मी म्हटलं, कोणालातरी बाही चढवायला सांगावं तसं. ती ताठ झाली. रडली नाही. माझ्या छातीवर हात ठेवून तिने मला जरा लांब केलं, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बाऊ." मग माझ्या खांद्यावरून मागे बघून तिने दोन्ही हात वर केले. सरळ, बोटं पसरून. आजीकडे.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मी वळून बघितलं तर त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले होते. "होईल सवय," त्या म्हणाल्या, "थांब जरा, होईल." गुंडीला ते हात दिसेनात तसा तिने सूर लावला, आणि मग ती इतकी रडायला लागली की तिचं अंग धनुष्यासारखं मागे वाकलं. "आई, घ्या हिला." "अगं, पण..." "घ्या म्हणते ना!" त्यांनी घेतली. गुंडीने पाय फाकवले, एक पोटावर, एक पाठीवर, गुडघ्यांनी गच्च धरलं आणि दोन हुंदके देऊन गप्प झाली. माझे हात अजून तसेच पुढे होते. मी ते खाली घेतले आणि उभी राहून वाट बघायला लागले. कळ येते ती लगेच येत नाही, श्वासामागून येते, हे मला माहीत आहे. मी श्वास घेतला. सोडला. आणखी एक घेतला, खोल, मुद्दाम खोकून बघितलं.

"दुखलं का गं?" सासूबाईंनी विचारलं. गुंडी त्यांच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती, गालांवर पाणी, आणि त्यांच्या गळ्यातली किल्ली तोंडात घालत होती. पंधरा महिने मी प्रत्येकाला, आणि स्वतःला, एकच कारण सांगत आले होते, पाठीमुळे ती माझ्या कडेवर नाही. दुखलं असतं तर आजही तेच सांगितलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही दुखलं."